शेवटी तोन

कायानीला उतरले तेव्हा दुपारचे तीन वाजले होते
आणि रात्र झाली होती.
चौथ्या दिवशी दुकानात गेले, एकटी.
खिशात चिठ्ठी, चिठ्ठीत चार शब्द:
वेह्न्या म्हणजे गहू, ओहरा म्हणजे सातू, रुइस म्हणजे राय,
आणि मल्लास, म्हणजे माल्ट,
जो चॉकलेटात, कॉर्नफ्लेक्समध्ये दबा धरून बसतो
आणि विचारल्याशिवाय नाव सांगत नाही.

लोक नव्या देशात आले की आधी 'धन्यवाद' शिकतात.
मी आधी शत्रूंची नावं पाठ केली.

प्रत्येक पाकिटावर दोन भाषा.
फिनिश डोक्यावरून गेली म्हणून स्वीडिशकडे वळले.
तिथं लिहिलेलं: कोर्न.
मका! टोपलीत टाकणारच होते,
फोननं हात धरला: कोर्न म्हणजे सातू.
आणि राय म्हणजे?
उच्चार ऐकला. परत ऐकला.
रोग.
मी शेल्फपाशी एकटीच मोठ्यानं हसले.
इतकं सरळ मला एकाही डॉक्टरनं
सांगितलं नव्हतं.

काचेमागे होडीच्या आकाराचं काहीतरी मांडलेलं.
मध्ये भात. चक्क भात, दुधात शिजवलेला.
जीव तिकडे धावला,
आणि काठाला, बारीक चुण्या घालून,
काळसर रोग.

शेल्फ भरणाऱ्या पोरानं मला पाहिलं असावं.
छातीवर नाव: ओन्नी.
त्याच्या बहिणीलाही हेच, म्हणून त्याला सगळं माहीत.
एका पाकिटावर ठळक अक्षरात गहू
आणि वर काट मारलेली ओंबी.
'हा धुतलेला,' तो म्हणाला, 'फक्त स्टार्च. हा चालतो.'
म्हणजे गहूच, पण निर्दोष सुटलेला.
मी ते पाकीट परत ठेवलं.
मग पुन्हा उचललं.

'तोन शोधा,' तो म्हणाला, 'शब्दाच्या शेवटी.
ग्लुतेनितोन. कोती म्हणजे घर, कोदितोन म्हणजे बेघर.
लोप्पु म्हणजे शेवट, लोपुतोन म्हणजे न संपणारं.
ओन्नी म्हणजे नशीब, म्हणजे मी,'
तो लाजला,
'आणि ओन्नेतोन म्हणजे… तेही कधीकधी मीच.'

आमच्याकडे 'बिन' आधी येतो.
बिनसाखरेचा, बिनपाण्याचा:
नाही म्हणून मोकळे होतात, मग काय नाही ते सांगतात.
इथं शब्द आधी पानात वाढतात
आणि तोंडाशी नेला
की उचलून घेतात.

सहा युरोंना ब्रेड मिळाला, फ्रीजरमधून, आठ स्लाइसचा,
वजन एखाद्या पत्राएवढं.

घरी माझा टोस्टर वेगळा, सुरी वेगळी,
लाकडी चमचा कपाटात, दोरा बांधून.
ज्या सोवळ्याला मी जन्मभर नावं ठेवली
ते असं दाराची कडी वाजवून आत आलं,
पाय न धुता,
आणि आता निघायचं नाव घेत नाही.

म्हणून समोरच्या ताइमीबाई
'कॉफीला या' म्हणाल्या तेव्हा पोटात गोळा आला.
त्यांच्या जिन्यात वेलदोड्याचा वास येतो.
या देशात वेलदोडा कणकेत राहतो,
पुल्ला नावाच्या गोड पावात,
आणि मी दर शनिवारी तो नुसता
श्वासात भरून घेऊन वर जाते.

सत्त्याहत्तर वर्षांच्या बाईला कसं विचारायचं:
तुमचा ओटा पुसला होता का?
हात? फडकं?
पीठ ग्लुतेनितोन होतं, पाकीट त्यांनी दाखवलं,
पण लाटणं? चाळीस वर्षं गहू प्यालेलं लाटणं?
मी वाक्य जुळवत होते, दोन भाषांत,
दोन्हीकडे ते उद्धटच होत होतं.

तेवढ्यात लाटणं दिसलं, टेबलावर, पिठानं माखलेलं.
मुठीपाशी किमतीचं लेबल
अजून तसंच.

पुल्ला बिघडला होता. मध्ये गच्च, बाहेर वाळू.
ताइमीबाई स्वतःच म्हणाल्या, भयंकर.
मी तीन खाल्ले.