दोन बोटं माया

जेल रोडवर हरेशभाईच्या दुकानात
काचेखाली कव्हरं, चार्जर, इअरफोनची भेंडोळी,
काचेवर माझी पिशवी, आणि तिच्यात
काजं राहिलेला कुणाचा तरी ब्लाउज.
"दीदी, तीन तरह के आते हैं," तो म्हणाला,
मी गिऱ्हाइकाला गळे दाखवते तसं:
गोल, पान, मटका.

पहिलं फक्त वेळ मोजतं.
दुसरं सांगतं पोरगी कुठे आहे,
भंवरकुआँच्या क्लासात की छप्पनला.
तिसरं सगळंच. कुणाशी बोलली, काय पुसून टाकलं,
रात्री दीडला कुणाच्या फोटोवर थांबली.
"और दिखेगा कैलकुलेटर जैसा,
बच्ची को पता भी नहीं चलेगा."
वर्षाचे एकोणीसशे. मला सोळाशे.

त्या आठवड्यात ऋजुताच्या वर्गातल्या
एका मुलीचा फोटो फिरला होता.
आम्ही आया शाळेच्या फाटकाशी
एकमेकींच्या चपलांकडे बघत उभ्या होतो.
कुमुदिनी वाखारकर म्हणाली, मी तर तिसरंच घेतलंय.
आणि मग हळूच,
पण आता मलाच झोप लागत नाही गं.

हरेशभाईला म्हटलं, विचार करून सांगते.

रामबागेतल्या आमच्या घरी फोनच्या डायलला
कुलूप होतं, बोटाच्या पेराएवढं,
किल्ली बाबांच्या जानव्याला.
मी रिसीव्हरच्या खुंटीवर टिचक्या मारायला शिकले.
सातासाठी सात, शून्यासाठी दहा,
एक चुकली की पुन्हा पहिल्यापासून.
त्या कुलपानं मला मोजायला शिकवलं,
बाकी काही नाही.
पलीकडच्याचं नाव आता धड आठवत नाही,
आडनाव आठवतं.
श्रीरंगला हे सांगितलेलं नाही.

रात्री तिचा शाळेचा कुडता उसवायला घेतला.
वर्षभरात खांद्यात आखडला होता.
शिवणीच्या आत दोन बोटं माया सोडलेली,
नाहीतर नवं कापड घ्यावं लागलं असतं.
माया बाहेरून दिसत नाही,
दिसली तर हात कच्चा समजतात.
कात्री तशीच धरून बसले.
बाहेरून तर
तो कॅल्क्युलेटरही दिसत नाही.

मग हाक मारली.
मापांच्या वहीत, छाती, कंबर, बाहीच्या खाली
तिन्ही नावं लिहून तिच्यापुढे ठेवली.
वाटलं होतं, ओरडेल.
तिनं वही ओढली, वाचली, नाक मुरडलं.
"हे तिसरं तुझ्या बँकेतलं पण बघेल. बावळट आहेस का?"
थोडी थांबली.
"पहिलं टाक. दहाला बंद कर.
माझं मला नाही जमत."
बोलताना बघत होती सुईकडे.

तो फोटो तिच्याकडेही आला होता.
पुढे नाही पाठवला, म्हणाली.
तीन दिवस पुसलाही नव्हता.
का, ते मी विचारलं नाही.

"आणि दुसरं?"
"चालेल. पण दोन्हीकडून."

तेव्हापासून तिच्या फोनात मी
एक निळा ठिपका आहे.

काल दुपारी अस्तर आणायला म्हणून निघाले
आणि नेहमीसारखी
पिपलियापाल्याच्या तळ्याशी उतरले.
तिथं एक बाक आहे, एका बाजूला खचलेला.
चपला काढून बसते, इतकंच.
घरी कुणाला माहीत नाही,
कारण सांगण्यासारखं त्यात काहीच नाही.

फोन थरथरला.
"आई, तळ्यावर?? कुणाबरोबर?"

'एकटी' असं लिहिलं. पुसलं.
पुन्हा लिहिलं. खरंच होतं,
तरी वाचताना खोटं वाटलं.
पाण्यावर एक टिटवी ओरडत गेली.
तिकडे, मधल्या सुट्टीत,
तिला तेवढंच दिसत असेल:
आई लिहितेय,
आई लिहितेय.