दोरीचा आवाज

रात्रपाळीचा राजमौळी तक्रार घेऊन गेला
थेट शिवलीलाच्या दारात:
"सहा माग खटखटतात माझ्या कानाशी,
तरी मी उभ्या उभ्या डुलकी काढतो.
पण तुमचं ते पहाटेचं टण्ण,
काळजात जातं की ओ बाई."

शिवलीला बिराजदार. शाळेत पीटी शिकवते.
पाच वाजता गच्चीवर उभी राहते,
हातात लाकडी धनुष्य, शिकारीचं म्हणून विकलेलं,
आणि समोर रिजेक्ट चादरींची घट्ट वळकटी.
वरच्या चादरीवर हरणं विणलीत.
एक रांग उलटी आलीय, पाय आभाळाकडे,
म्हणून तर रिजेक्ट.
"साखर पेठेत दुसरं काय मारणार, काका?"

मी जॉबर होतो, एकतीस वर्षं.
माग अडला की मला हाक.
आता डावा कान गेलाय,
उजव्यात पंखा फिरतो, बटण सापडत नाही.
आवाज घालवायला तिने
बहिऱ्याला बोलावलं.

ती म्हणाली, हरीण बाण बघत नाही,
दोरी ऐकतं,
आणि बाण पोचेपर्यंत जागा सोडतं.
मी म्हटलं, राजमौळी जागा सोडणार नाही,
त्याचं भाडं भरलेलं आहे.

खरं तर कानाने मी कधीच काम केलं नाही.
चाळीस माग चालू असताना कान काय सांगणार?
स्क्रूड्रायव्हरचं टोक बेअरिंगवर, मूठ दाढेखाली,
मग कवटीला कळतं कुठं झिजलंय.
तसंच केलं. टोक टेकवलं धनुष्याच्या लाकडाला.
ओढ, अशी खूण केली. मग सोड.

टाळूपर्यंत झिणझिण्या.
बाण कधीच गेला होता,
धनुष्य मात्र थरथरत राहिलं,
भांडण संपल्यावर माणूस
एकटाच बडबडत बसतो तसं.

म्हणजे जोर उरतोय.
धोटा हलका असला की पिकर असाच आपटतो,
चामडं फाटेपर्यंत.
"बाण हलका आहे तुझा. टोकाला पितळ दे.
जोर त्याला नेऊ दे, तुझ्या मनगटात ठेवू नको."

ताणा मला कळतो. बाणाही कळतो.
बाण हाताळायची वेळ पहिलीच.

दोरी उतरवली, बारा पीळ दिले.
चढवल्यावर ती मुठीपासून अर्धं बोट लांब बसली.
मधला दोरा सैल होता, जिथे बाण अडकवतात तिथला,
तो उसवून मर्सराइज्ड सुताने नवा गुंडाळला,
नखाने दाबत, वेढ्याला वेढा चिकटवून.
आणि दोरीच्या दोन्ही टोकांकडे, पाव अंतरावर,
चादरीच्या दशांचे दोन गोंडे.

चार दिवस बरे गेले.
पाचव्या पहाटे दव पडलं,
गोंडे पाणी पिऊन जड झाले,
बाण टाकीच्या नळाला लागला.
खाली तिसऱ्या घरापर्यंत पाणी,
आणि राजमौळी पुन्हा दारात, या वेळी बादली घेऊन.

माझी चूक. सूत पाणी पितं,
हे सोलापुरात मला कुणी सांगावं?

सांगोल्याचा बिरा हाके मंगळवारी घोंगड्या आणतो.
त्याच्याकडून मूठभर काळी लोकर मागितली, न धुतलेली.
तो म्हणाला, एवढ्यात काय होणार? टोपी पण नाही.
मी म्हटलं, एका दोरीचं तोंड बंद करायचंय.
त्याने पैसे घेतले नाहीत.
बायकोसाठी करताय का, एवढंच विचारलं.

मेंढीच्या वासाचे ते दोन गोंडे
मी बसवले सुरवंटांसारखे.
पात्यांच्या बुडाशी, जिथे बोल्ट लाकडाला लागतात,
तिथे चपलेच्या जुन्या चामड्याच्या चकत्या.

रविवारी वर गेलो.
खालची शेड दिवाळीपासून बंद आहे,
गच्चीची फरशी आता हलत नाही.
आधी तळपायांना कळायचं किती माग चालू आहेत.
तळपाय अजून मोजायला जातात.

स्क्रूड्रायव्हर दाताखाली धरला,
टोक लाकडाला टेकवलं,
डोळे मिटले.
थांबलो.
बराच वेळ थांबलो.

"अगं, सोड की," मी म्हटलं.

डोळे उघडले तर ती वळकटीकडे बोट दाखवत होती.
उलट्या रांगेतल्या तिसऱ्या हरणात
बाण.