पाणी मुरतं कुठे

आमच्या गल्लीत आडपडदा ठेवत नाहीत.
खरं तर पडदेच नाहीत कुणाच्या खिडकीला.
जाता जाता कळतं, डेकेमांकडे आज वाटाण्याचं सूप आहे
आणि शाळामास्तर पुन्हा एकटाच जेवतोय.
उघडं ठेवायचं, आणि बघायचं नाही,
असा हा करार. कुठे लिहिलेला नाही.

मी छत्तीस वर्षं बांधावर नोकरी केली.
पाणी डोक्यापेक्षा उंच, आम्ही खाली,
गाजरं लावतो, सायकलींच्या साखळ्यांना तेल देतो.
लोकांच्या पायाखालची जमीन सरकते म्हणे;
आमची आम्हीच उपसून काढलेली,
तिची पट्टी दरवर्षी येते, मी वेळेवर भरतो.
अभिमान? छे.
साधं राहा, तेवढा वेडेपणा पुष्कळ झाला,
असं इथे दंतवैद्यसुद्धा सांगतो.

शनिवारी हिलेखिनला एक्क्याऐंशी लागलं.
खुर्च्या गोलात, पाठी भिंतीला.
आल्या आल्या प्रत्येकाचा हात हातात घ्यायचा:
अभिनंदन, तुमच्या बहिणीबद्दल.
अभिनंदन, तुमच्या शेजारणीबद्दल.
मग कॉफी, केक, एक बिस्किट,
आणि डब्याच्या झाकणाचा टक्क आवाज.
येल्त्ये म्हणाली, केक कोरडा झालाय.
हो, ओव्हन जुना आहे.
कुणाला काही लागलं नाही.
आम्ही तोंडावर बोलणारी माणसं,
आणि त्याचा आम्हाला, अगदी साधेपणानं, गर्व आहे.

मग मी संडासात गेलो.
दारामागे वाढदिवसांचं कॅलेंडर, सगळ्यांकडे असतं तसं.
त्यात वार नसतात, साल नसतं,
म्हणून ते कधी जुनं होत नाही.
चौदा तारखेसमोर: वुब्बो.
त्याचंच अक्षर, पुढे झुकलेलं, घाईतलं.
मार्चमध्ये गेला तो. नाव खोडलेलं नाही.
शाई मात्र फुटलीय, ओघळून निळी झालीय
पंधरा-सोळापर्यंत.
नळ तर दुसऱ्या भिंतीला आहे.

बांध लाटेनं फुटत नाही सहसा.
लाट दिसते, तिच्याशी भांडता येतं.
आतल्या बाजूला, गवतात, टाचेएवढा ओला डाग,
तिथे गुडघे टेकून तळहात ठेवायचा.
स्वच्छ पाणी आलं तर बांधाला घाम आलाय, येऊ दे.
गढूळ आलं तर तो आतून वाहू लागलाय.
नव्या पोरांना मी एवढंच शिकवलं.

परत येऊन बसलो.
मेप्पेलहून येणाऱ्या गाडीच्या उशिराबद्दल चाललं होतं.
तेरा जण आम्ही, दुपारपासून कॉफी पितोय,
म्हणजे एकेक करून सगळेच
त्या नावासमोर बसून आलेले.
मी म्हणालो,
हो, मेप्पेलला नेहमीच उशीर.

मंगळवारी चौदा.
माझ्या डायरीत काही नव्हतं, तिच्याही नसणार.
आधी ठरवल्याशिवाय आम्ही सख्ख्या भावाकडे जात नाही.
शिडी उचलली, वुब्बोची,
दोन उन्हाळे माझ्याकडे पडून होती,
आणि बेल वाजवली.

आपलं काही ठरलं होतं?
नाही. शिडी द्यायला आलो.
तिनं शिडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.
आजच?
हात पुढे केला मी.
अभिनंदन, हिलेखिन, तुझ्या नवऱ्याबद्दल.

बराच वेळ तिनं हात सोडला नाही.
मग म्हणाली, बूट पूस आणि आत ये.

गोल नव्हता. दोनच खुर्च्या, खिडकीशी.
शनिवारचाच केक, आणखी कोरडा. मी तसं सांगितलं.
ती हसली, आणि हसता हसता आलं ते,
आधी स्वच्छ, मग गढूळ,
माती, वाळू, मार्च, सगळं घेऊन.
मी काही बोललो नाही. तळहात ठेवला.
बाहेरून मास्तर सायकलवरून गेला,
मान सरळ समोर, करार पाळत.

डब्याचं झाकण लावायला ती विसरली.
मी दोन घेतली. तिसरंही.

शिडी परत घरी घेऊन आलोय.
पुढच्या चौदा तारखेला लागेल.