बारीक की जाड

शनिवारी रात्री फोन बंद केला
आणि गव्हाच्या डब्यात पुरला,
मनगट बुडेपर्यंत खोल.
सोमवार सकाळपर्यंत, असं ठरलं.
ठरलं माझंच माझ्याशी,
म्हणजे मोडायला सोपं.

रविवारी माझ्याआधी अंगठा जागा झाला.
उशीखाली चाचपत होता,
डोळे न उघडलेल्या पिल्लासारखा.
किती वाजले कळेना.
भिंतीवरच्या घड्याळाचे सेल
मागच्या दिवाळीत रिमोटला गेले, ते गेलेच.
मग खिडकीतून ऊन बघितलं.
नेरूळच्या या सिडकोच्या इमारतीत ऊन आधी
समोरच्या डिचोलकरांच्या टॉवेलवर उतरतं,
हे सतरा वर्षांत आज कळलं.
टॉवेल अर्धा उजळलेला.
म्हणजे किती, ते विचारू नका.

मांडीला दोनदा थरथर जाणवली.
गाऊनला खिसाच नाही.

उपमा ढवळताना काहीतरी वाचायची सवय,
म्हणून रव्याची पिशवी वाचली,
पाठपोट, तक्रारीच्या नंबरासकट.
त्यावरून नंबरच आठवत बसले:
नौपाड्यातल्या माहेरचा, कधीच कापला गेलेला,
तोंडपाठ.
सुमेधचा, ज्याच्यासमोर रोज जेवते,
सुरुवातीचे नऊ-आठ, पुढे धुकं.
त्याने कांदा चिरता चिरता सांगितला,
मी पाढ्यासारखा मागून म्हटला.
'हरवलीस तर आता सापडशील,' तो म्हणाला.
डोळे पुसले त्याने. कांदाच असणार.

उन्हं कलल्यावर करावे जेट्टीपर्यंत चालत गेले.
फ्लेमिंगो चिखलात चोची खुपसून उभे,
माणसं फोन उंच धरून.
दोन्हीकडे माना वाकड्या.
एका पक्ष्याने पाय बदलला.
ते फक्त मी पाहिलं, बहुतेक.

घरी आले तर ओट्याखाली रिकामी जागा.
'डबा?'
'चक्कीवर देऊन आलो. पीठ संपलं होतं ना.'

एका पायात माझी चप्पल, एका पायात त्याची.
मढवींच्या चक्कीत सगळं पांढरं,
कॅलेंडर, पंखा, त्यांच्या भुवया.
पट्ट्याच्या आवाजावर ओरडून ते म्हणाले,
'ताई, गहू बारीक केले.
याचं काय करू, बारीक की जाड?'
चाळणीत माझा फोन,
म्हाताऱ्यासारखा पांढराफटक.
आणि मी आधी विचारलं,
'तुमच्या चक्कीला काही झालं नाही ना?'
पुढे रस्ताभर मला माझंच नवल.

सुमेधने फोन पुसला, पुन्हा डब्यात ठेवला,
या वेळी तांदळाच्या.

सोमवारी चालू केला. अठ्ठ्याण्णव निरोप,
निम्मे 'शुभ सकाळ'वाले,
आणि दोन हुकलेले कॉल, दोन्ही कर्ज हवंय का विचारणारे.
मी परत रोजच्यासारखी झाले, खोटं कशाला सांगू.
फक्त चार्जर लावताना
भोकातून अजून चिमूटभर पीठ सांडतं.

घड्याळाचे सेल अजून आणलेले नाहीत.
डिचोलकरांनी टॉवेल बदललाय.
निळा.