सेसेग्माचं गॅरेज, इर्कुत्स्क

जिथे गाडी उभी राहायची
तिथे आता फळीवर चार ग्राफिक्स कार्डं.
भंगारवाल्याशी घासाघीस करून आणलेली;
एकाचा पंखा गेलाय,
त्याला सुतळीने टेबलफॅन बांधलाय.

घडली होती चित्रं रंगवायला:
ड्रॅगनचे खवले, तलवारीवरची चमक.
इथे त्यांना पडदाच जोडलेला नाही.
न बघता बैकालचा बर्फ मोजतात,
चौकोनामागून चौकोन,
कुठे ताण, कुठे भेग.

एकट्या प्रोसेसरला अकरा दिवस लागले असते.
हुशार आहे तो,
पण रांगेत एकेकालाच आत घेतो.
यांच्यापाशी हजारो अडाणी हात,
प्रत्येकाला जेमतेम एक बेरीज येते.
गाव करी ते राव न करी,
दुसरं काय.

बाहेर उणे एकतीस.
आत मीटर सुसाट पळतोय,
आणि शेजारची मांजर
उबेला येऊन वायरींवर झोपलीय.

पहाटे चारला आकडे येतात.
ती भावाला फोन लावते:
“बुलाट, ओल्खोनच्या वाटेवर ट्रक घालू नकोस.
आज नको.”
तो झोपेतच हसतो. “कुणी सांगितलं?”

“खेळण्यांनी,” ती म्हणते,
आणि मांजरीला हलकेच
वायरींवरून उचलते.