न्हाणीतला दगड

खानापूर रोडला, इराप्पा मरीहाळच्या यार्डात
दगड उभे असतात एकमेकांना टेकून,
पाठीवर खडूनं आकडे.
रेणुका म्हणाली, पांढराच घ्यायचा.
दवाखान्यातला पांढरा नव्हे, देवघरातला.

मी तीस वर्षं उद्यमबागेत लेथवर.
मला रंग विचारू नका, झीज विचारा.

इराप्पानं लिंबू कापलं,
संगमरवराच्या तुकड्यावर दोन थेंब पिळले
आणि चहा सांगितला.
चहा येईस्तोवर फडक्यानं पुसलं
तर डोळ्यात फूल पडावं तसा
एक मंद गोल.
"ह्यो कल्लु नाजूक, अक्का.
लिंबू नको, केसाचं काळं नको,
ॲसिड तर बेडच बेड."
रेणुका माझ्या डोक्याकडे बघून हसली.
महिन्याच्या पहिल्या रविवारी मी काय करतो
ते आता इराप्पालाही कळलं.

कडप्पा स्वस्त. पण आमचं पाणी बोअरचं,
वाळलं की थर सोडतं,
काळ्यावर तर न काढलेली रांगोळीच.
क्वार्ट्झ कारखान्यात शिजवलेला,
डाग धरत नाही, पाणी पीत नाही.
भाव ऐकून आम्ही दोघंही छताकडे बघितलं.
यार्डाला छत नव्हतं.

गोकाककडचा गुलाबी मला आवडला होता.
तळहाताला भाकरीसारखा लागायचा, जरा खरखरीत, कोमट.
"भिंतीला घ्या. बेसिनला नको.
ह्यो पितो. पिऊन पिऊन काळा पडतो."
"ओळखीचाच दिसतोय," रेणुका म्हणाली,
आणि माझा धाकटा भाऊ आठवून
आम्ही दोघं गप्प झालो.

चार तुकडे पिशवीत घालून बसनं घरी.
आठ दिवस न्हाणीच्या कट्ट्यावर त्यांची परीक्षा:
हळद, खोबरेल, टूथपेस्ट, कुंकू,
दाढीचं ब्लेड ओलंच रात्रभर.
सकाळी ती चष्मा लावून डाग वाचायची,
मी वहीत उतरवायचो, जॉबकार्ड भरल्यासारखा.
करड्या ग्रॅनाइटनं फक्त गंज धरला,
घासल्यावर तोही सोडला.
पांढऱ्यानं सगळं लक्षात ठेवलं.
तिनं तो तुकडा उचलून तुळशीपाशी ठेवला,
वाईट वाटू नये म्हणून.

पुन्हा गेलो, तर इराप्पा म्हणाला,
करडाच पायजे तर मागं एक पडलाय, निम्म्यात देतो.
कुठल्याशा हॉलची पाटी होणार होती.
श्री कोरून झाली,
पुढचं कुठल्या अक्षरात, म्हणून कमिटीची बैठक बसली
ती अजून उठली नाही.
"उलट्या बाजूला पॉलिश मारतो. श्री खाली जाईल.
चालतंय न्हवं?"
दगड पालथा होता. उलटायला चार माणसं लागली असती.
मी विचारलं, श्री तरी कुठल्या अक्षरातली?
त्यानं कटरवरच्या पोराला हाक मारली,
कानडीत काहीतरी बोलले, दोघं हसले.
मग म्हणाला, "दगडातली."

भरमा गवंड्यानं बसवला शनिवारी.
बेसिनचं भोक एक सूत डावीकडे गेलंय.
बाकी कुणाला दिसत नाही, मला दिसतं.

सकाळी चूळ भरताना
डावा हात आधाराला कडेखाली जातो.
ह्या बोटांनी केसाएवढी चूक पकडली आहे आयुष्यभर.
खाच लागते. एक वळण, मग दुसरं.
वर रेघ आहे की नाही
तिथवर बोट पोचत नाही.

रेणुका म्हणते, हातआरसा घालून बघ की एकदा खालनं.
बघीन.
आधी हे पाणी पुसू दे,
बोअरचं आहे.