टोप, दहा लिटर

पहिल्या आठवड्यात सीताकांत हडकरांचे
दोन हजार शंभर रुपये
बिर्याणीत गेले.

रोजचे तीनशे, क्लिकमागे सव्वीस,
म्हणजे अकरा माणसं दारात येतात
आणि बारावं येण्याआधी शटर खाली.
लोकांनी खरोखर काय टाईप केलं, त्याची यादी मी काढली:
टोप अल्युमिनियम झाकणासह
टोप दहा लिटर भाव
टोप ते कोल्हापूर एसटी किती वाजता
हडकर चष्मा कपाळावर सारून वाचत होते,
लालबागच्या त्या पोटमाळ्यावर,
मागे फळीवर अठरा लाकडी डोकी,
निम्मी टकली, एक नारदाचं, शेंडीसकट.
"भाषेचाच घोळ आहे हो," म्हणाले,
"आमच्या हिनेसुद्धा लग्न ठरताना विचारलेलं,
मुलगा टोपांचं काम करतो म्हणजे कल्हई लावतो का."

मग मी नकोशा शब्दांची यादी बांधली.
झाकण. लिटर. बिर्याणी. कल्हई. एसटी.
फुकट. नोकरी. कसा बनवतात.
भाड्याने.
खर्च अर्ध्यावर आला.
फोन होते तेवढेच, दोन,
त्यातला एक माझाच, लागतो का बघायला.

"आणि ही जाहिरात झोपते कधी?"
"पैसे संपले की. सकाळी अकराला."
"मी दुकान साडेअकराला उघडतो."
मी चहा प्यायले.

वेळ बदलली, रात्री साडेनऊ ते दोन.
भाग आवळला: परळ, शिवडी, वडाळा.
आणि यादीचा आवाजच बदलला.
एक वाजून दहा: किमोनंतर केस कधी येतात
एक चौदा: टोप घातलेला कळतो का
एक वीस: टोपाखाली खाज
एक बत्तीस: आईसाठी टोप परळ
हे एकच माणूस की चार, यंत्र सांगत नाही.
बरंच आहे.

हडकरांचं बोट नकोशा यादीत एका जागी थांबलं.
"हा का?"
"भाड्याने म्हणणारे शाळेच्या गॅदरिंगवाले, काका.
दीडशेचं गिऱ्हाईक. सव्वीसचा क्लिक परवडत नाही."
त्यांनी जाळीतून एक केस ओढला, गाठ मारली.
आणखी एक.
आणखी एक.
"विकत मागणारा आरशाशी भांडून आलेला असतो.
भाड्याने मागणारी बाई म्हणते, सहा महिने.
तिने हिशेब केलाय. केस परत येणार, असा.
तिलाच तू दारातून हाकलतेस?"

शब्द काढला.
माझं शीर्षकही काढलं, अस्सल केस, तीस टक्के सूट.
शीर्षकाला जागा तीस अक्षरांची,
काना, मात्रा, वेलांटी, मधली मोकळी जागा, सगळं धरून.
ते सांगत गेले, मी टाईप करत गेले:
टोप सहा महिन्यांसाठी भाड्याने
एकोणतीस भरली.
उरलेल्या एकात त्यांनी पूर्णविराम मागितला.

महिनाअखेर एकतीस फोन,
फोनामागे दोनशे नव्वद.
मला हिरवा बाण दिसला, मी त्यांना दाखवला,
ते म्हणाले, छान आहे, आणि पुन्हा जाळीत वाकले.

शिवडीच्या इनामदार बाई चौथ्या महिन्यातच आल्या.
मिठाईच्या खोक्यात टोप, शाम्पूने धुतलेला, विंचरलेला.
डोक्यावर बोटभर केस, सगळे उभे.
हडकरांनी दोन महिन्यांचं भाडं मोजून परत केलं.
त्या रात्री मी तक्त्यात शोधलं.
परत आलेल्या टोपांना रकाना नाही.

काल एक जण यादीतून सुटून आत शिरला.
घोडपदेव, शंभर पानांचं वरण, मोठा टोप हवा.
सव्वीस रुपये.
हडकरांनी त्याला फोनवरच भांडीवाल्याचा पत्ता दिला,
वर सांगितलं,
तळ जाड बघून घ्या.